चाळणीवर राहिलेली जमीन

माती परीक्षणाचा अहवाल हा दोन मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेल्या मातीचा असतो. वर जे राहतं ते प्रयोगशाळा फेकून देते. आमच्या वडोदऱ्याच्या आसपासच्या गोराडू (रेताड दुमट) किंवा काळ्या जमिनीत त्याने काही बिघडत नाही, कारण चाळणीवर फारसं काही राहतच नाही. पण कच्छच्या पश्चिम टोकाला, लखपत तालुक्यात, निम्म्याहून जास्त शेत चाळणीवरच राहतं. तिथल्या जमिनीचं परीक्षण करून तिच्यात काय लावायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे कसं आलं आणि ते कसं पार पडलं, ते लिहिते. अशा जमिनी सौराष्ट्रात, राजस्थानातही आहेत, कुणाला उपयोग होईल.

मी वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातली. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लेकीचं सासर कच्छी. व्याह्यांची वडिलोपार्जित जमीन लखपतकडे बरीच वर्षं पडीक होती. विहिरीला थोडं पाणी लागलं तशी त्यांच्या मनात लिंबाची बाग आली, कारण त्यांच्या मावसभावाची तशी बाग दुसरीकडे उत्तम चालते. त्यांच्याकडे माती परीक्षणाचा एक अहवाल होता. पीएच ८.२, क्षार कमी, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश (पोटॅश) ‘जास्त’. खाली शेरा, जमीन फळबागेस योग्य. ‘‘वेवाण, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या, एकदा बघून द्या,’’ म्हणाले. मी म्हटलं, कागद नको, जमीन दाखवा.

सयाजीनगरी एक्सप्रेसने भूज आणि तिथून जावयाच्या गाडीने पश्चिमेला. कच्छात वर्षाला सरासरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. एखाद्या वर्षी दोन दिवसांत सगळा पडून जातो, एखाद्या वर्षी पडतच नाही. शेतात उतरल्यावर पहिल्यांदा माती दिसत नाही, दगडगोटेच दिसतात. फिकट पिवळट-पांढरे, बोटभर ते मूठभर. त्यातले काही उचलून पाहिले तर चपटे, गोल, नाण्यासारखे जीवाश्म. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात राहणाऱ्या एकपेशीय जिवांची ही कवचं. ती साचून चुनखडक झाला, तो झिजून ही जमीन झाली. भूगर्भशास्त्रात या थराला फुलरा चुनखडक म्हणतात. नात त्या ‘नाण्यां’नी फ्रॉकचे खिसे भरत होती आणि व्याही म्हणत होते, हे वेचून काढले की खाली चांगली माती आहे. तसं नव्हतं.

नेहमीच्या पिकांसाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखा पंधरा सेंटिमीटरचा खड्डा घेऊन नमुना काढतात. फळझाडांसाठी तेवढ्याने भागत नाही, मीटरभर खणून थराथराची माती वेगळी घ्यावी लागते. आम्ही तीन ठिकाणी खड्डे घेतले. कुदळ वरच्या थरातसुद्धा नीट चालत नव्हती, पहार लागली. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरवर पहारीचा आवाज बदलला. खाली पांढराफटक, टणक थर होता, चुन्याने सांधून सिमेंटसारखा झालेला. तो खडक नव्हे. खडक त्याच्याही खाली होता.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खड्ड्याच्या भिंतीने. भिंतीतून एकेक खडा अलगद काढून पाहिला, तर वरची बाजू स्वच्छ आणि पोटाला पांढरा, खरखरीत लेप. पावसाचं पाणी चुना विरघळवत खाली उतरतं, खड्याच्या पोटाशी थेंब अडकून राहतो, जमीन सुकली की पाणी जातं आणि चुना तिथेच बसतो. हजारो वर्षं हेच चाललं की लेप जाड होतात, एकमेकांना चिकटतात आणि शेवटी सलग टणक थर बनतो. जास्त पावसाच्या मुलखात हा चुना धुऊन पार खाली निघून जातो. इथे पाण्यात तेवढं बळ नाही. म्हणजे तो पंचेचाळीस सेंटिमीटरवरचा थर ही या जमिनीची स्वतःची नोंदवही होती, इथलं पावसाचं पाणी सहसा कुठवर पोचतं याची. हवामान खात्याच्या आकड्यांपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटली.

ऍसिड रेल्वेतून नेता येत नाही, म्हणून शेतावर लिंबू पिळून पाहिलं. मातीवर बारीक फेस आला. व्याही गप्प. ज्याची बाग लावायची त्याचाच रस पडल्यावर जमीन फसफसते, हे त्यांना फारसं आवडलं नसावं. मी काही बोलले नाही. व्याह्यांशी कधी बोलायचं आणि कधी नाही, हे रसायनशास्त्रात शिकवत नाहीत.

थराथराची माती गोट्यांसकट पोत्यात भरून वडोदऱ्याला आणली. गच्चीवर सावलीत वर्तमानपत्रांवर पसरली. ढेकळं फोडायला लाकडी लाटणं वापरलं, खलबत्ता नाही, कारण इथले काही खडे इतके मऊ असतात की खलात घातले तर त्यांचंच पीठ होतं आणि ते ‘माती’ म्हणून मोजलं जातं. चुन्याचा आकडा उगाच वाढतो. मग पितळी चाळणी आणि वजनकाटा. वरपासून त्या टणक थरापर्यंत सरासरी वजनाने ५५ टक्के खडे, ४५ टक्के माती.

वजनाच्या आकड्यावर थांबून चालत नाही. मुळांना वजन कळत नाही, जागा कळते. खड्याची घनता २.६ धरली आणि मातीची १.४, तर ५५ टक्के वजनाचे खडे जमिनीची सुमारे ४० टक्के जागा अडवतात. उरलेल्या ६० टक्क्यांतच पाणी, अन्न आणि मुळं. प्रयोगशाळेचे किलो प्रति हेक्टरी आकडे मात्र खड्यांविना जमीन धरून काढलेले असतात. वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये हेक्टरी २२४० टन माती आहे असं गृहीत असतं. इथे तेवढ्याच जाडीत १२६० टन माती होती. अहवालातला पालाश हेक्टरी ३२० किलो होता, तो प्रत्यक्षात १८० वर आला. ‘जास्त’चा ‘मध्यम’ झाला. आकडा खोटा नव्हता. फक्त तो आमच्या शेताचा नव्हता, चाळलेल्या मातीचा होता.

पाण्याचा हिशेब याहून निर्णायक. चांगली दुमट माती मीटरभर खोलीत झाडाला उपयोगी असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. पंचेचाळीस सेंटिमीटरला ६७. त्यातून खड्यांचे ४० टक्के वजा केले की उरले ४०. उन्हाळ्यात इथे दिवसाला सहा-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. म्हणजे भरपूर पाणी दिलं तरी आठवडाभरात ताण. एकदम पाट सोडणं व्यर्थ, पाणी खड्यांमधून खाली पळतं. ठिबकने थोडं थोडं, वरचेवर, हाच मार्ग. चुनखडकाचे सच्छिद्र खडे स्वतःही थोडं पाणी पितात, पण मी ते जमेला धरलं नाही.

मग चुना. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढला सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगेनीज), बोरॉन, पीएच, क्षार आणि सेंद्रिय कर्ब. मुक्त चुना त्यात नाही. ज्या जमिनीचं सगळं चरित्र चुन्यात आहे तिच्या पत्रिकेत चुन्याचा रकाना नसावा, हे मला अजून खटकतं. चुना वेगळा मागून, वेगळे पैसे भरून तपासून घ्यावा लागतो. मी जुनं ब्युरेट काढलं आणि घरीच केला. मोजून घेतलेल्या मातीत माहीत असलेलं जास्तीचं हायड्रोक्लोरिक ऍसिड घालायचं, बुडबुडे थांबेपर्यंत हलवायचं आणि उरलेलं ऍसिड कॉस्टिक सोड्याने मोजायचं. पहिला थेंब पडताच चंचुपात्रात फेस उसळला. चाळलेल्या मातीत २४ टक्के चुना निघाला. एका प्रयोगशाळेनेही जवळपास तोच आकडा दिला.

इतका चुना असला की जमिनीचा पीएच आठच्या थोडा वर जाऊन तिथे ठाण मांडतो. साडेआठच्या पुढे गेला तर सोडियमचा, चोपणपणाचा संशय घ्यायचा. आमचा ८.२ होता, म्हणजे निव्वळ चुन्याचा. निचरा उत्तम असल्याने क्षारही साठलेले नव्हते. या खडकाळपणाचा हा एक फायदा, आणि तो लहान नाही. पण ८.२ ला लोह आणि जस्त जमिनीत असूनही विरघळत नाहीत. स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो. युरिया वरून भिरकावला तर अमोनिया होऊन उडतो, मातीत गाडला किंवा ठिबकमधून दिला तरच हाती लागतो. लिंबूवर्गीय झाडांना सगळ्यात आधी लोहाची कमतरता भासते. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्याकडे याला केवडा पडणं म्हणतात.

एका खतविक्रेत्याने व्याह्यांना सांगितलं होतं, एकरी दोन-चार पोती गंधक टाका, पीएच उतरतो. मी कागद घेतला. एकरात वरच्या पंधरा सेंटिमीटरला सुमारे ५१० टन माती, तिच्यात २४ टक्के म्हणजे १२२ टन चुना. १०० भाग चुना मारायला ३२ भाग गंधक लागतं. झालं एकरी ३९ टन गंधक, तेही खड्यांमधला चुना न धरता, आणि खडेही चुन्याचेच. व्याह्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. लिंबाचा विषय त्यानंतर त्यांनीच सोडला. शब्द असा कुणाला इतका लागत नाही, टनांचा आकडा लागतो.

जमीन बदलता येत नाही म्हटल्यावर जमिनीला चालेल ते शोधायचं. माथ्यावरच्या भागाला हात लावायचा नाही असं ठरलं. तिथे गुग्गुळ आपणहून वाढलेला आहे, त्याला अशीच खडकाळ जागा मानवते. मधल्या भागात कलमी बोर. खारीक, म्हणजे खजुराची झाडं, विहिरीजवळच, थोडी. खारकेला चुना चालतो पण पाणी भरपूर लागतं आणि मुळांना खोली हवी, म्हणून तेवढ्या जागी जेसीबीने पांढरा थर फोडून मीटरभराचे खड्डे घेतले. थर पूर्ण फोडून आरपार करायचा, नाहीतर खड्ड्याची टाकी होते आणि पाणी तुंबतं. हे चालकाला समजावण्यात जावयाचा घसा बसला. भरताना शेणखत आणि चाळलेली माती आत, खडे बाहेर. ते बाहेरचे खडे फेकले नाहीत, आळ्यात वर पसरले. खड्यांचं आच्छादन ऊन अडवतं आणि खालचा ओलावा टिकवतं. निसर्गाने शेतभर तेच केलं होतं, आणि ते वेचून काढायला आम्ही निघालो होतो.

घरामागे पाच लिंबं मात्र लावली. विहीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लोणच्यापुरती तरी असू द्या. त्यांना अपेक्षेप्रमाणे केवडा पडला. साधं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालून उपयोग नाही, चुना ते लगेच निकामी करतो. त्याची अर्ध्या टक्क्याची फवारणी, चिमूटभर सायट्रिक ऍसिड घालून, पानांवर चालते, पण नवी पालवी आली की पुन्हा करावी लागते. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हे चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं द्रव्य, असलेलं तांबडं लोह घ्यावं. बाजारात ईडीटीएवालं स्वस्त मिळतं, ते या पीएचला टिकत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घ्यावीत. पाच झाडांना हा खर्च परवडतो, बागेला नाही.

आता विहिरीच्या पाण्याची तपासणी राहिली आहे. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर केवडा वाढेल आणि ठिबकची तोंडंही चुन्याने बुजतील. जावयाला सांगून ठेवलंय, पंप थोडा वेळ चालू देऊन मग बाटली भर, काठोकाठ, आत हवा नको, आणि त्याच दिवशी भूजला दे. बाटली अर्धी राहिली आणि दोन दिवस गाडीत फिरली तर बायकार्बोनेटचा आकडा बदलतो.