नऊ माणसं, एक समुद्र आणि कमोडचा व्हिडिओ

आमच्या फॅमिली ग्रुपवर "जानेवारीत समुद्रावर जायचं का?" एवढा एक मेसेज मी टाकला आणि पुढचे पंधरा दिवस माझी पार वाट लागली. माणसं नऊ. सगळ्यात मोठे सासरे, शहात्तर वर्षांचे, सगळ्यात धाकटी जावेची चिऊ, अडीच वर्षांची, मधे सासूबाईंचे गुडघे, माझ्या आईची शुगर आणि माझा सहा वर्षांचा पोरगा, ज्याला पाण्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

दीर म्हणाला गोवा. तो दरवर्षी गोवाच म्हणतो. नवऱ्याला तारकर्ली हवं होतं, पाणी स्वच्छ, स्कुबा वगैरे, पण मुलुंडहून आधी गाडी पकडायला स्टेशन गाठा, मग रात्रभर ट्रेन, मग कुडाळला उतरून परत रिक्षा-टॅक्सी, आणि स्कुबा करणार तो एकटा, बाकीचे आठ जण काठावर बसून त्याचे बूट सांभाळणार. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, गणपतीपुळे ठरलेलं, देऊळ अगदी समुद्राला लागून, दर्शन आणि समुद्र एकाच फेरीत. पण सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर, मुंबई-गोवा हायवेचं काय ते सगळ्यांना माहितीये, आणि तिथला समुद्र लगेच खोल होतो, पाण्यात जाऊ नका असं सगळे सांगतात. माझ्या पोराला "नुसतं बघ" सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे नुसतं बघ सांगणं. काशीदची वाळू फोटोत लय भारी दिसते, जवळही आहे, पण तोच प्रॉब्लेम, उतार तीव्र आणि लाटेची ओढ वाईट. गुहागर माझं फेव्हरेट, ते मीच मनातल्या मनात रद्द केलं, चिऊ फार वेळ गाडीत बसली की उलटी करते.

मग मी ठरवलं की किनारा कुठला सुंदर ते बघायचंच नाही, सासूबाई आणि चिऊ या दोघींना जिथे जमेल तिथे जायचं. सपाट वाळू, खोलीपासून पाण्यापर्यंत चालत जाता येईल एवढंच अंतर, आणि कमोड.

कमोडवर हसू नका. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी "सी फेसिंग रूम" म्हणून बुकिंग केलं होतं, गेल्यावर कळलं की पहिला मजला, जिना बाहेरून लोखंडी, आणि संडास भारतीय बैठकीचा. सासूबाई दोन दिवस जेवल्याच नाहीत नीट, कारण विचारलं तर म्हणे भूक नाही. कारण मला तिसऱ्या दिवशी समजलं. तेव्हापासून मी फोनवर समुद्राचं काही विचारतच नाही. तळमजला आहे का, बाथरूमला पायरी किती उंच, सकाळी सहाला दूध मिळेल का, संध्याकाळी सातला बिनतिखटाचा वरणभात मिळेल का, आणि बाथरूमचा व्हिडिओ व्हॉट्सॲप करा. जे लोक या प्रश्नाला हसतात तिथे जायचं नाही. एक काकू हसल्या नाहीत, उलट "आमच्या सासूबाईंचंही तसंच" म्हणाल्या आणि दहा मिनिटांत व्हिडिओ. ते घर दिवेआगरला होतं, सुपारीच्या वाडीत, मागच्या फाटकातून निघालं की केवड्यातून पायवाट आणि समोर समुद्र.

बाबांना पटवायला वेळ लागला नाही, तिथेही गणपती आहेच. १९९७ साली एका वाडीत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ ला दरोडा पडून तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा स्थापना झाली, ही सगळी स्टोरी बाबांनीच आम्हाला गाडीत सांगितली, पेणपासून माणगावपर्यंत, मधे एकदा चिऊच्या उलटीसाठी ब्रेक.

नाताळची सुट्टी मुद्दाम टाळली. पोराची शाळा दोन दिवस बुडली, बुडू दे. लाँग वीकेंडला हीच वाळू एटीव्ही आणि घोडागाड्यांनी भरते, त्यात लहान पोर सोडायची माझी हिंमत नाही.

तिथे गेल्यावर बाबांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढलं. घरून फाडून आणलेलं! शनिवारी दशमी होती. म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर. दहाची साडेसात. साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे दुपारी दीडला ओहोटी संपली. पोरांना चारला ने, पाणी चढत असताना. उतरत्या पाण्यात नाही." लहानपणी वरळीला राहायचे, कोळ्यांच्या पोरांकडून शिकलेलं. शिवाय अष्टमी होऊन दोनच दिवस झालेत, म्हणजे अजून भांगाचं पाणी, फार चढउतार नाही, हेही सांगितलं. दीराने मोबाईलवर टाइड चेक केली तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक. तो गप्प.

चारला गेलो. किनारा इतका सपाट की पोरगा पाण्यात पन्नास पावलं गेला तरी गुडघाभर, तरी नवरा आणि दीर दोघं त्याच्या पुढे, समुद्राकडच्या बाजूला उभे, हा माझा नियम. काकूंनी दिलेली प्लास्टिकची खुर्ची आम्ही ओल्या वाळूत ठेवली, सासूबाई बसल्या, आणि खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू खाली जायला लागले. त्यांना कळलंच नाही. चिऊ त्यांच्या पावलांवर वाळू थापत होती, एक पाऊल गाडून झालं की दुसरं, आणि त्या पाय अजिबात हलवत नव्हत्या. शेवटी खुर्ची एवढी कलली की माझ्या आईने धरून ठेवली.

रात्री उकडीचे मोदक होते. सकाळी सांगून ठेवावे लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत. माझ्या आईने शुगरचं कारण सांगून एकच घेतला आणि नंतर चिऊच्या ताटातला अर्धा.

परत येताना दिघीहून जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाड्या चढवून आगरदांड्याला उतरलो, पोरांना ट्रिपमधलं सगळ्यात जास्त तेच आवडलं, समुद्रबिमुद्र नंतर. आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना बाबा मागून म्हणाले, गणपतीपुळे मात्र राहिलंच.