शनिवार-रविवार म्हणजे पाच जेवणं

मालवणला जायचं म्हटल्यावर बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कशाला?"

"जेवायला."

मग मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. आम्ही रत्नागिरीचे. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की बाबा पिशवी घेऊन चालत जातात आणि चालत परत येतात. अशा घरातल्या माणसाने मासे खायला दीडशे किलोमीटर जायचं, गाडीत पेट्रोल घालून, वर राहायचे पैसे देऊन! "घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागवल्यासारखं आहे हे," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्यांचं चुकत नव्हतं. बांगडा इथलाही तोच, तिथलाही तोच. त्याला काही तालुका कळत नाही. पण कालवण तालुक्याप्रमाणे बदलतं, आणि आमच्या घरचं कालवण मी चाळीस वर्षं खातोय. ते उत्तम आहे. आईसमोर तर ते सर्वोत्तम आहे. तरीही कधीतरी दुसऱ्याच्या पाट्यावरचं वाटप खावंसं वाटतं, एवढंच.

मी एक पाठकोरा कागद घेतला आणि आखणी सुरू केली. इतर गावांना जाताना माणूस काय काय बघायचं ते लिहितो. मालवणला जाताना जेवणं मोजायची. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री घरी. म्हणजे शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवारचा नाश्ता, रविवार दुपार. चार. डोंबिवलीहून येणाऱ्या मेहुण्याच्या मते पाच, कारण शनिवारी संध्याकाळी समुद्रावर जे खाल्लं जाईल तेही जेवणातच धरायचं. "भावोजी, आपल्याला खाजाच नाही, भजी पण खायचीत." धरलं. पाच.

पाचांचा आकडा बघून बरं वाटतंय तोवर आईने विचारलं, "शनिवारी?"

इथे कोकणातला प्रत्येक घरकर्ता ओळखेल असा घोळ सुरू होतो. आई सोमवार, गुरुवार, शनिवार पाळते. शिवाय संकष्टी आणि एकादशी. बायको गुरुवार पाळते आणि मार्गशीर्ष पूर्ण. म्हणजे ज्या दोन दिवशी सरकार सुट्टी देतं त्यातला एक मारुतीच्या नावाने आधीच गेलेला. रविवार-सोमवार करावं तर सोमवार शंकराचा. मासे खाणाऱ्या माणसाला आठवड्यात जेवढे दिवस मिळतात तेवढ्यात तो जिवाचं रान करून खातो, त्याचं कारण हे आहे असं माझं जुनं मत आहे. सातही दिवस मोकळे असते तर आमचं माशांचं एवढं वेड राहिलं नसतं.

वाराचा प्रश्न बाजूला ठेवून महिना बघायला घेतला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं केलं. पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. १ जूनला यांत्रिक बोटी बंद होतात त्या जुलै संपेपर्यंत, आणि नारळ टाकल्याशिवाय आमच्याकडे दर्याचा भरवसा कोणी धरत नाही. पुढे श्रावण, गणपती, नवरात्र. डिसेंबर मार्गशीर्षात गेला. मेहुण्याने फेब्रुवारीतला एक शनिवार सुचवला. पहिल्या लॉजवाल्याला फोन केला तर तो हसलाच. दुसराही हसला. तिसऱ्याने सांगितलं, "अहो, आंगणेवाडीची जत्रा आहे ना तेव्हा!" मसुऱ्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवी. तिच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती एकदा जाहीर झाली की मुंबईपासूनच्या गाड्या भरतात. आमच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात नुसतं गॅस सिलिंडर आल्याची खूण होती.

शेवटी जानेवारी उरला. त्यातही कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खायच्या तर अमावास्येच्या सुमाराच्या, त्या भरलेल्या असतात, असं बाबाच म्हणाले. (पेपर चालूच होता.) शिवाय अमावास्येच्या उधाणाला पाणी जसं चढतं तसं ओहोटीला लांबवर उतरतं, म्हणजे तिसऱ्या, आपले शिंपले, काढणाऱ्या बायकांना जास्त जागा उघडी मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. न येणाऱ्या माणसाच्या मानाने त्यांचा अभ्यास चांगला होता. पण अमावास्येला प्रवास आईला चालेना. पौषातली अमावास्या गुरुवारी पडत होती. शनिवारपर्यंत उधाण टिकतं आणि आईची अमावास्याही टळते. वार, तिथी आणि समुद्र अशा तिघांनी मिळून दिलेला तो एकच शनिवार होता. मी त्याला लाल गोल केला.

पुढचा प्रश्न कसं जायचं. बायकोला रेल्वे आवडते. मांडवी एक्स्प्रेसला खाण्यापिण्याची चैन असते हे सगळ्या कोकणाला ठाऊक आहे; एकामागून एक ट्रे येत राहतात आणि माणूस नाही म्हणेपर्यंत वडा हातात असतो. पण ती रत्नागिरीला येते दुपारी. कुडाळला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा, कारण मालवणात रेल्वे नाही. म्हणजे शनिवार दुपार हे जेवण गाडीतच खर्ची पडणार. पाचातलं एक! गाडीनेच जायचं ठरलं, सागरी रस्त्याने, पावस, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा. मेहुण्याचं कोकणकन्येचं तिकीट वेटिंगवर होतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि त्याला सुचलं पंचवीस दिवस आधी. "कन्फर्म नाही झालं तर उभ्याने येईन," म्हणाला. जेवणासाठी उभ्याने रात्र काढायला तयार असलेला माणूस ऑफिसात मात्र पाठदुखीची रजा घेतो.

आता मुख्य विषय. जेवायचं कुठे?

मेहुण्याने अकरा हॉटेलांची यादी पाठवली, प्रत्येकापुढे चांदण्या. साडेचारच्या खाली एकही नाही. मी ती बघितली आणि मला तीन वर्षांपूर्वीची अशीच चांदण्या बघून निवडलेली एक जागा आठवली. कुठली ते सोडा. सुरमई थाळी मागवली होती. तुकडा सुरेख दिसत होता, रव्यात घोळलेला, लिंबाच्या फोडीसकट. पण आत बर्फाची चव होती. बर्फाला चव नसते असं म्हणणाऱ्याने आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेली सुरमई खाऊन बघावी. सोलकढी तर होळीच्या पाण्यासारखी गडद गुलाबी.

सोलकढीवर मी थोडं जास्त बोलणार, कारण तिच्यावरून खानावळ ओळखता येते. सोलं, म्हणजे आमसुलं, पाण्यात भिजत घालायची, हाताने कोळायची. नारळ खवून त्याचं पहिलं दूध दाट काढायचं, दुसरं पातळ. लसूण-मिरची ठेचून, मीठ, वरून कोथिंबीर. दोन्ही एकत्र केल्यावर जो रंग येतो तो फिकाच असतो, कण्हेरीच्या पाकळीसारखा, आणि वाटी तशीच ठेवली तर थोड्या वेळाने नारळाचं दूध वर येऊन थर दिसतो. हा थर दिसला की मी निर्धास्त होतो. जिथे थर येत नाही आणि रंग मात्र डोळ्यांत भरतो तिथे मी पाणी मागवतो.

तर यादी बाजूला सारली आणि ऑफिसातल्या मालवणच्या एका मित्राला विचारलं. त्याने हॉटेल सांगितलंच नाही. एका काकींचा नंबर दिला. "घरीच करतात. आधी फोन कर."

फोन केला.

"किती माणसा?"

"पाच मोठी, एक लहान. शनिवारी दुपारी आणि रविवारी दुपारी." बाबा येणार की नाही ते ठरलं नव्हतं, पण मी त्यांना मोजलं होतं.

"बरा."

"मासे काय मिळतील?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "ता आताच कसा सांगू? होडी इल्यार कळतला."

"सुरमई?"

"गावली तर गावली. नायतर मुडदुशे असतले, पेडवे असतले. फ्रीजातलो मासो आमच्याकडे नाय."

मेहुण्याला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "मग मेन्यू कधी पाठवणार त्या?" त्याला काय सांगणार! मालवणला जाऊन सुरमई-पापलेटच मागणारा माणूस हापूसच्या बागेत उभा राहून सफरचंद मागतोय असं मला वाटतं. पेडवे हातभर नसतात, बोटभर असतात, पण कडक तळले की काट्यासकट जातात. मुडदुशाचं मांस इतकं हलकं की आजाऱ्याला देतात. आणि बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हे मसाल्याचं फळ पडलं की जो वास सुटतो त्याला तोड नाही. तिरफळ खायचं नसतं. काळी बी आधीच काढलेली असते, उरलेली टरफलं ताटाच्या कडेला सारायची. ती कडेला किती जमली त्यावरून कोण किती जेवलं ते कळतं.

मग मी जरा चाचरत शनिवारचं सांगितलं. म्हटलं, माझी आई शनिवार पाळते, तिला वरणभात चालेल. काकींना ते आवडलं नाही.

"वरणभात कित्याक? शनवार मीय पाळतंय. काळ्या वाटाण्याचा सांबारा करतंय नि वडे. वडे होये तर आदल्या दिवसा सांगा, पीठ मळूक लागता."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मासे मासे करताना मी मालवणचं अर्धं जेवण कागदावर घेतलंच नव्हतं. ज्या गावात निम्मा आठवडा लोक काही ना काही पाळतात त्या गावाने उरलेल्या दिवसांसाठी काहीतरी केलेलं असणारच. काळे वाटाणे रात्रभर भिजवून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात शिजवलेलं ते सांबारं मटणाच्या रश्शाच्या तोंडात मारतं. वडे तेच, कोंबडीबरोबरचे. तांदूळ, उडीद, धणे, मेथीच्या पिठाचे, दुधाच्या पिशवीवर किंवा केळीच्या पानावर थापलेले, तेलात सोडल्यावर टम्म फुगणारे. कोंबडीवड्यांत खरी गंमत वड्यांची असते आणि नाव कोंबडीचं पुढे. त्याखेरीज शिरवाळे. तांदळाच्या गरम उकडीचे गोळे लाकडी साच्यातून दाबून शेवया काढायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. साचा दाबायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक तरी चिडलेलं असतं. खापरोळ्या, घावणे-रस. हे सगळं शनिवारचं.

मी कागदावर "शनिवार दुपार" पुढे लिहिलेलं "आईसाठी वेगळं" खोडलं आणि "सगळे: सांबारं-वडे" लिहिलं. मेहुणा दुखावला. पण त्याच्यासाठी शनिवारची रात्र मोकळी ठेवली, त्याच्या अकरा जागांपैकी कुठलीही. चांदण्या त्याने मोजाव्यात, मी पाणी पिईन.

रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. हा मुलीचा हट्ट, तिला इतिहासात आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीख तिला तोंडपाठ आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा करून महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, आणि पुरं झालं १६६७ मध्ये. तीन वर्षांत समुद्रात किल्ला उभा राहिला, आणि आमचं दोन दिवसांचं ठरायला महिना लागला, असं ती म्हणाली. मला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या किल्ल्यात, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि त्यांची नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव. किल्ला बांधतानासुद्धा मालवणात माणसाला खाण्याचंच सुचतं! होडीने नाश्त्यानंतर जायचं आणि दुपारच्या जेवणाआधी परत यायचं. तटावर चढउतार केली की रविवारची कुर्ली जास्त जाईल, हाही हिशेब होताच.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी काकींना वड्यांची आठवण करायला फोन केला. त्या म्हणाल्या, "पीठ दळून इला." तिकडे मेहुण्याचं तिकीट आरएसीवर आलं. पिशव्या भरल्या. आईने स्वतःसाठी शेंगदाण्याचे लाडू घेतले, कुठे काही मिळालं नाही तर असावेत म्हणून; मालवणला जाताना असे लाडू नेणारी ती जगातली एकटीच असेल.

संध्याकाळी बाबा घरात नव्हते. सात वाजता आले ते पिशवी घेऊन, आणि ती पिशवी ओली होती.

"बांगडे मिळाले चांगले. डोळे बघ."

"बाबा, अहो, उद्यापासून दोन दिवस तिकडे तेच खायचंय!"

"उद्या शनिवार," ते म्हणाले, "आणि परवा त्यांच्या हातचं खाणार मी. आधी आपलं खाल्लेलं नको का, काय ते ठरवायला?"

ते येणार हे आम्हाला असं कळलं. आईने काही न बोलता विळी ओढली. बांगडे कापता कापता मला हाक मारून म्हणाली, "मागच्या कपाटात बघ, डब्यात तिरफळं आहेत का." होती. साडेनवाला आम्ही जेवायला बसलो तेव्हा गरम पातेलं ठेवायला काही सापडेना, म्हणून बाबांनी माझा आखणीचा कागद ओढून खाली घातला.