घारापुरीचा सोमवार

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मी मुद्दाम सोमवारच धरला होता. मी ऑनलाइन नकाशासाठी रस्त्यांचे चौफेर फोटो काढतो, आणि त्यांना गर्दी मानवत नाही. कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या भिंगांचे फोटो जोडताना जवळून गेलेल्या माणसाचा हात एकीकडे अन् धड दुसरीकडे होतं. बेटावर मोटारी नाहीत, तेव्हा कॅमेरा पाठीवर. फेरो बेटांवर २०१६ मध्ये असेच फोटो काढायला मेंढ्यांच्या पाठीवर कॅमेरे बांधले होते. इथं मेंढी मी.

मुंबईचे रस्ते २०२२ मध्येच गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे नकाशातल्या अशा चौफेर फोटोंत, आले, देशातल्या पहिल्या दहा शहरांबरोबर. घारापुरी गेटवेपासून लाँचनं तासाभरावर, पण जिल्हा रायगड. इथं समुद्राखालच्या केबलनं वीज आली तीच २०१८ मध्ये.

मोराबंदर, राजबंदर या वस्त्या उरकून लेण्यांच्या पायऱ्यांशी आलो. दोन्ही बाजूंची दुकानं झाकलेली, मोकळी वाट, मी खूश. तेवढ्यात एका मावशींनी अडवलं.

"आज काढताय? म्हणजे लोकांना दिसणार काय, ताडपत्री?"

मी गर्दीचं कारण सांगितलं. "गर्दीवरच पोट आहे, दादा. बंद दुकानं बघून कोण येईल?" बघता बघता दहा-बाराजण जमले. एक तरुण मात्र म्हणाला, "सोमवारीच गाव जरा आमचं असतं. तेच राहू द्या." दोघांचंही खरं होतं. वस्त्या सोमवारच्याच ठेवल्या, पायऱ्या पुन्हा काढायचं ठरलं. जादा दिवसाच्या खर्चावरून ऑफिसात कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली.

पुढच्या खेपेला दुकानं उघडी होती आणि वर ताडपत्र्या. खाली सगळा उजेड निळसर, उपग्रहाचा सिग्नल अडखळत. नकाशावर माझी वाट पायऱ्या सोडून झाडीत शिरलेली. नंतर ती हातानं ओढून जागेवर बसवावी लागली.

चेहरे धूसर होतात हे सांगितल्यावर मावशी चिडल्या. "का? मी काय चोर आहे?" नियम सगळ्यांना एकच, म्हटलं. चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसतो, दुकानाच्या पाट्या नाही.

"पाटी राहते ना?" त्यांनी आत जाऊन खडू आणला, पाटीवर 'घरगुती जेवण' लिहिलं, खाली मोबाइल नंबर, आणि मला चार पायऱ्या खाली जाऊन पुन्हा चढायला लावलं.