शहरात ऑइल जैसे थे, हायवेवर अर्धा लिटर गायब: उत्तर मिळालं!

गेले दोन अपडेट ज्या कोड्यात अडकले होते, ते सुटलं. माझ्या तीन-सिलिंडर टर्बो पेट्रोल गाडीची शहरात डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) खूण महिनोन्महिने हलत नाही आणि कोल्हापूरला जाऊन आलं की अर्धा लिटर ऑइल कमी. धूर नाही, गळती नाही, प्लगही कोरडे.

काय काय तपासलं ते तुम्हाला माहीत आहेच. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइलचा नेहमीसारखाच पुसट थर. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते जर्नल बेअरिंगला चालतं. पुढे-मागे प्ले शून्य. इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा डायफ्राम शाबूत. एका गॅरेजवाल्याने तर काहीही न उघडता टर्बोच बदलायला सांगितला. तिथे गाडी पुन्हा नेणार नाही.

शेवटी ऑइल बदलताना मधल्या धारेचा नमुना घेतला आणि लॅबला दिला. ०डब्ल्यू-२० ऑइलची १०० अंशांना व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) निदान ६.९ सेंटिस्टोक्स हवी. माझी त्याच्याही खाली! फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते, तोही चांगलाच घसरलेला. म्हणजे ऑइलमध्ये पेट्रोल.

कोथरूड ते डेक्कन एवढ्याशा धावेत कूलंट तापतं, ऑइल मात्र मागे राहतं. थंड इंजिनात मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं असतं, त्यात डायरेक्ट इंजेक्शनचा फवारा थेट सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि रिंगांवरून उतरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत जातो. इंजिन जेवढं ऑइल जाळतं तेवढी भर पेट्रोल घालतं, म्हणून लेव्हल तशीच दिसते. हायवेला ऑइल बराच वेळ नीट तापलं की हे पेट्रोल उडतं, पीसीव्हीतून इनटेकमध्ये जातं, आणि कित्येक आठवड्यांची साठलेली घट एकदम समोर येते.

रिपोर्टमधली सर्वांत गोड ओळ: झिजेतून ऑइलमध्ये येणारं लोखंड आणि तांबं दोन्ही नॉर्मल. एवढं पातळ ऑइल सोसूनही बेअरिंगं ठणठणीत. त्या रात्री शांत झोप लागली.

पण पुढे असं चालवायचं नाही. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलचे थेंब ठिणगीच्या आधीच पेटले की एलएसपीआय (कमी आरपीएमवरचं अवेळी ज्वलन) होतं, आणि त्यात पिस्टनच्या रिंगलँड, म्हणजे रिंगांच्या मधल्या कडा तुटतात. म्हणून डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा पाहिल्याशिवाय ऑइल घेऊ नका. २०२० साली आलेल्या या दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. दिवे घाटात वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढणंही बंद करा. गिअर उतरवा, इंजिनला फिरू द्या.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलला ५डब्ल्यू-३० चालतं, आता तेच भरलंय. त्याची सुरुवातच ९.३ पासून होते, त्यामुळे थोडं पेट्रोल मिसळलं तरी हाताशी काहीतरी उरतं. ऑइल बदलायला कंपनी १५,००० किलोमीटर म्हणते. शहरातल्या गाडीला मी ५,००० च्या पुढे जाणार नाही. नाना पेठेतलं माझं नेहमीचं दुकान सीलबंद डबा बॅच नंबर दाखवून देतं, त्यामुळे चार पैसे जास्त पडले तरी तिथूनच घेतो. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाकतो, म्हणजे कोणी त्यात भलतंच भरून विकायला नको.

कॅच कॅनचा (पीसीव्हीच्या वाटेत बसवून वाफेतलं ऑइल अडवणाऱ्या डब्याचा) बेत रद्द करायचा, असं लिहायला बसलो होतो. पण आत्ता सुचलं, तो बसवायलाच हवा! हायवेवर जे उडतं त्यातलं थोडं तरी कॅनमध्ये जमेल आणि बघता येईल. त्याहून पक्कं म्हणजे कोल्हापूरला निघण्याआधी आणि परत आल्यावर डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने नमुना काढायचा. ऑइल तेच, व्हिस्कॉसिटी दोनदा मोजायची. आकडा परतताना वर चढला तर माझं म्हणणं सिद्ध.

बाटल्या मागवल्यात. कोणाकडे तीन-सिलिंडर टर्बोचा, फक्त शहरात चाललेल्या गाडीचा रिपोर्ट असेल तर व्हिस्कॉसिटी आणि फ्लॅश पॉइंट दोन्ही आकडे टाका, सोबत ऑइलचा ग्रेडही.