चादरीची रंगमोजणी, नोंद 4: चार थ्रेड एकापेक्षा हळू

चादरीच्या स्कॅनमध्ये कोणत्या रंगाचे किती पिक्सेल, हे अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनी) मोजायचं आहे. मागच्या नोंदीतली रेस, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी एकच काउंटर वाढवताना हरवणारी मोजणी, मिटली. ॲटॉमिक (एका वेळी एकालाच वाढवू देणारी सूचना) काढलं, प्रत्येक थ्रेडला स्वतःचे काउंटर दिले, बेरीज आता दर वेळी 9,60,00,000 भरते. वेग मात्र पार झोपला. सोलापुरी चादरीचा तोच 12000 × 8000 स्कॅन, 256 रंग, चार कोरचा लॅपटॉप: एका थ्रेडला 0.14 सेकंद, चारांना 0.51!

खोट मांडणीत निघाली. ॲरे होता मोजणी[256][8], म्हणजे आधी रंग, मग थ्रेड. काउंटर 8 बाइटचा, कॅश लाइन (कोरजवळच्या जलद मेमरीचा एकत्र हलणारा तुकडा) 64 बाइटची. त्यामुळे एका रंगाचे आठही काउंटर शेजारी-शेजारी, बहुतेक एकाच लाइनीत. कोर लिहितो एकच काउंटर, पण ताब्यात घेतो अख्खी लाइन. बाकीच्यांकडची प्रत बाद. चादरीची जमीन लाल, म्हणून चारही थ्रेड लालच्याच लाइनीवर तुटून पडलेले. चार मागांत एकच धोटा. रंग विखुरलेल्या फोटोवर हाच कोड बरा पळतो, ही खूण लक्षात ठेवा. खात्रीसाठी पर्फ सी-टू-सी (कोरांमधली लाइनींची ओढाताण दाखवणारं लिनक्सचं साधन) चालवा, हिटएमचा रकाना (दुसऱ्या कोरने बदललेली लाइन किती वेळा मागावी लागली) सगळं सांगतो. व्हर्च्युअल मशीनवर बहुधा तो चालत नाही, तिथे वेळ घालवू नका.

उलटवून मोजणी[8][256] केलं. आता थ्रेडमागे 2048 बाइट, म्हणजे 32 लाइनी. मॅलॉक (सी मध्ये मेमरी मागायचं फंक्शन) 64 च्या सीमेची हमी देत नाही, मग दोन थ्रेडच्या सांध्यावर एक लाइन सामायिक राहू शकते, म्हणून सीमा पाळून मेमरी देणारं अलाइन्ड-ॲलॉक. वेळ 0.038. वा!

पुढे डायनॅमिक शेड्यूल (मोकळ्या झालेल्या थ्रेडला पुढचा तुकडा देणं) घ्यायचं ठरलं होतं. ते राहू दे. प्रत्येक पिक्सेलला सारखंच काम, तिथे त्याचा उपयोग काय? खरी अडचण थ्रेडच्या आतच आहे: सलग लाल पिक्सेल आले की प्रत्येक वाढ आधीच्या वाढीची वाट पाहते. थ्रेडमागे मोजणीचे चार तक्ते ठेवून पिक्सेल आळीपाळीने वाटले, शेवटी बेरीज. 8 केबी होतात, एल-वनमध्ये (कोरला सर्वांत जवळच्या कॅशमध्ये) आरामात मावतात. वेळ 0.025.

पण हीच युक्ती एका थ्रेडलाही लावली तर तो 0.14 वरून 0.09 वर येतो. म्हणजे खरी झेप 3.6 पट, 5.6 नव्हे. तुलना नेहमी सुधारलेल्या एकथ्रेडी कोडशीच करा. आणि मोजमाप सकाळी, दहा वेळा चालवून सर्वांत कमी आकडा घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली आणतो.

ओपनएमपी (कोडमध्ये सूचना टाकून थ्रेडमध्ये काम वाटायची पद्धत) 4.5 पासून सी मध्ये ॲरेवरही रिडक्शन (प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत, शेवटी बेरीज) मिळतं, एका ओळीत काम. पुढच्या नोंदीत ते या हाताने केलेल्या तक्त्यांसमोर उभं करायचं आहे.