पालक अंधारात का सावरेना?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पालक सावलीत वाढवला आणि मग त्याची पानं मुद्दाम भाजली. ‘भाजणं’ हा आमचा बोलीतला शब्द. खरं तर पान तापू नये म्हणून दिवा आणि पान यांच्यामध्ये पाण्याने भरलेलं काचेचं पात्र ठेवलं होतं. मला उष्णतेचा नाही, नुसत्या प्रकाशाचा ताण हवा होता.

पानं आधी अर्धा तास अंधारात ठेवून फ्लुरोमीटरवर, म्हणजे पानातून परत येणारी मंद चमक मोजणाऱ्या यंत्रावर, एफव्ही/एफएम मोजलं: ०.८२. प्रकाश वापरणारी पानाची यंत्रणा किती धडधाकट आहे, ते हे गुणोत्तर सांगतं. निरोगी पानात ते ०.८३ च्या आसपास असतं, म्हणजे सुरुवात ठीक होती. मग दर चौरस मीटरला सेकंदाला १८०० मायक्रोमोल, म्हणजे जवळपास भर दुपारच्या उन्हाइतका प्रकाश, दोन तास. आकडा ०.४४ वर आला. पान दिसायला मात्र होतं तसंच हिरवंगार!

आता विश्रांती. ओल्या टिपकागदावर पानं मांडून वर काळं कापड टाकलं. भाजलेल्याला अंधारच बरा, असा माझा भाबडा हिशोब. अर्ध्या तासात ०.५३, आणि पुढचे पाच तास आकडा जागचा हलेना.

मॅडमनी वही पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, दुरुस्ती करणाऱ्याला कंदील तरी ठेव!”

तेव्हा उलगडलं. तीव्र प्रकाशात पान जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. त्यासाठी पानातल्या व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचं झिअ‍ॅझँथिन होतं. हा बचाव अंधारातही सैलावतो. ०.४४ वरून ०.५३ ही पहिली उडी त्याचीच असणार. उरलेली घट खऱ्या मोडतोडीची होती. फोटोसिस्टिम-टू या प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतलं डी-वन प्रथिन निकामी झालं की ते कापून काढून नवं बसवावं लागतं, आणि हे काम मंद उजेडात जसं होतं तसं मिट्ट अंधारात होत नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी कापडाऐवजी २० मायक्रोमोलचा मिणमिणता दिवा. पाच तासांनी ०.७५!

काही पानांना भाजणारा प्रखर दिवा लावण्याआधीच लिंकोमायसिन हे प्रतिजैविक पाजलं होतं. त्याने हरितलवकातली प्रथिननिर्मिती थांबते, त्यामुळे ती सावरणार नाहीत हे अपेक्षितच होतं. पण ती मुळातच जास्त घसरली होती, ०.२७ पर्यंत. म्हणजे साध्या पानांत ते दोन तास मोडतोडीसोबत डागडुजीही चालूच होती. वहीत मी ‘भाजणे’ आणि ‘सावरणे’ असे दोन रकाने आखले होते. मधली रेघ खोडून टाकली.