भाडं सात हजार, लाइटबिल वेगळं

रत्नागिरीत घराला दोन खोल्या जास्तीच्या असल्या की लोक म्हणणारच, "तुमचं काय बाई, घरबसल्या भाडं येतंय!" येतं, नाही कशाला म्हणू? पण त्यातलं हातात किती उरतं, हे भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही. ते लाइट आणि पाण्याचं काय ठरलंय त्यावर असतं. माझा पसारा छोटाच: घरामागची दोन बिऱ्हाडं आणि शहरालगतच्या नाचणे गावातला एक फ्लॅट.

बदली होऊन आलेले शिक्षक, बँकेतली मुलं, नर्स असे आमचे भाडेकरू. बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "काकू, लाइटपाणी धरून नऊ हजार घ्या, रोजची कटकट नको." मी नाहीच म्हणते. लाइट धरून दिली की पंखा दिवसभर फिरतो, हे एक. दुसरं म्हणजे प्राप्तिकराचं रिटर्न. त्यात घरभाड्याच्या पानावर मिळालेलं भाडं, वसूल न झालेलं भाडं, नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला भरलेला कर, मग ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचं व्याज, एवढेच रकाने असतात. लाइटबिलाला रकाना नाही. नऊ हजार घेतले तर वर्षाचे १,०८,००० सगळे भाडं म्हणूनच दिसणार आणि त्यातून भरलेली वीज त्या ३० टक्क्यांत जिरवायची. शिवाय भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची, करसवलत घेणारा भाडेकरू मालकाचा पॅन मागतो. मागू दे, आम्ही देतो. पण विजेचे पैसे आमच्या पॅनवर उत्पन्न म्हणून कशाला चढवायचे?

सात हजाराचा हिशेब सोपा. वर्षाचे ८४,०००. घरपट्टी ४,००० भरली की राहिले ८०,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे २४,००० गेले, ५६,००० उत्पन्नात धरायचे. घरपट्टी मात्र त्याच आर्थिक वर्षात आणि मालकाने भरलेली हवी. बिल मार्चमध्ये आलं आणि एप्रिलात भरलं, तर वजावट पुढच्या वर्षी.

त्या ३० टक्क्यांबद्दल माझी तक्रार आहे. खर्च शून्य असला तरी तेवढेच आणि दुप्पट झाला तरी तेवढेच. सोलापूरच्या मालकाला बहुतेक पुरत असतील. इथे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज दोन-तीन वर्षांत पोपडे टाकतात, पश्चिमेच्या भिंतीला झड लागून आतला रंग फुगतो आणि जूनच्या आधी पत्र्याचे हूक बदलावेच लागतात. कायद्याला कोकणातला पाऊस माहीत नाही.

आता मीटर. एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की महावितरणच्या टप्प्यांचा खेळ सुरू होतो. समजा आमचे १२० युनिट आणि मागच्या दोघांचे ९०-९०. एकत्र ३००. पहिल्या १०० युनिटना स्वस्त दर, पुढच्या २०० ना जवळपास दुप्पट. तेच तीन मीटर वेगळे असते तर महाग दराचे फक्त आमचे २० युनिट. सबमीटरवरचे, म्हणजे त्याच्या खोलीपुरत्या बसवलेल्या छोट्या मीटरवरचे, ९० युनिट दाखवून भाडेकरू म्हणतो, "मी शंभरच्या आत आहे, मला स्वस्त दर लावा." त्याचं चूक नाही. पण वरचा फरक मग कोणी सोसायचा?

म्हणून एका बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर घेतला. दार, स्वयंपाकघर आणि घरपट्टीची नोंद वेगळी होती, त्यामुळे मिळाला. तो माझ्याच नावावर आहे, म्हणजे थकबाकी राहिली तर महावितरण माझ्याकडे येणार. डिपॉझिट परत करण्याआधी मीटरचा फोटो आणि शेवटचं बिल, हा आमचा नियम. उन्हाळ्यात वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते मी भरते. ठेव मीटरबरोबर राहते, भाडेकरूबरोबर जात नाही.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे इथे अजून सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खर्च किती, तर सात हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिटवर स्टॅम्प दोनशेच्या आसपास, नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. एवढ्यासाठी कसली काटकसर?

घर सासऱ्यांच्या नावावर होतं. आता मिस्टर आणि डोंबिवलीचे दीर, दोघांची नावं लागली आहेत. दीर म्हणाले, "वहिनी, भाडं तुम्हीच घ्या, घर तुम्हीच सांभाळता." मन मोठं आहे त्यांचं. पण प्राप्तिकर पैसे कोणाच्या खात्यात आले ते बघत नाही, घर कोणाचं ते बघतो. हिस्से ठरलेले असले की प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचं भाडं दाखवायचं. म्हणून करारात दोघांची नावं आणि भाडं निम्मंनिम्मं दोन खात्यांत. दुरुस्तीचे पैसे दीर वेगळे पाठवतात.

पाण्याचं मी ढोबळच ठेवलंय. शहराला शीळ धरणाचं पाणी, पण पाऊस लांबला की ते दिवसाआड येतं. मग विहिरीवरचा पंप चालतो, आणि पंप आमच्या मीटरवर. महिन्याला ठरावीक रक्कम घेते, पावतीवर 'पाणी व पंप' असं वेगळं लिहून. लिटर मोजत बसायला मला वेळ नाही.

मागच्या बिऱ्हाडात नवीन आलेल्या मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय आणि पडवीतल्या सॉकेटला लावतो. एका चार्जला साधारण तीन युनिट, आणि ते सॉकेट माझ्या मीटरवर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काकू, मोबाइलसारखंच आहे हो." इलेक्ट्रिशियन गणपतीनंतर येतोय, सॉकेटची वायर त्याच्या सबमीटरला जोडून देईल. तोवरचे युनिट तो कॅलेंडरवर लिहितोय, त्याच्याच अक्षरात.